सात किलोंचा माणूस

'अप इन द एअर' मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर, मित्राच्या लॅपटॉपवर. आम्ही चौघं पलंगावर दाटीवाटीनं बसलो होतो. त्यातला बॅग भरण्याचा प्रसंग आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिला. जॉर्ज क्लूनीनं साकारलेला रायन बिंगहॅम छोटी चाकांची बॅग उघडतो. शर्ट, टाय, दाढीचं सामान, सगळं आपापल्या जागी जाऊन बसतं आणि चेन लागते. एक हालचाल जास्तीची नाही. आमच्यापैकी कोणीही तोवर विमानात बसलेलं नव्हतं. पण नोकरी लागली की आपण असे होणार, यात चौघांनाही शंका नव्हती.

चित्रपट २००९ चा, दिग्दर्शक जेसन राइटमन, आधार वॉल्टर कर्नच्या २००१ च्या कादंबरीचा. रायनचं काम विचित्र आहे. इतर कंपन्यांना आपली माणसं कामावरून काढायची असतात, पण साहेबांना ते तोंडावर सांगायची हिंमत नसते. म्हणून ते रायनच्या कंपनीला बोलावतात. रायन विमानानं जातो, अनोळखी माणसासमोर बसतो, नोकरी गेल्याचं सांगतो, एक पाकीट हातात देतो आणि पुढच्या विमानाला जातो. अधूनमधून तो व्याख्यानंही देतो. पाठीवरच्या पिशवीत आपलं सगळं आयुष्य भरलंय अशी कल्पना करा, त्यात घर, सामान, मग नातेवाईक, आणि आता ती पिशवी हलकी करा, असा त्या व्याख्यानाचा मथितार्थ.

त्याचं एक गणितही आहे. सामान काउंटरवर दिलं की दर खेपेला ३५ मिनिटं जातात. वर्षातले २७० दिवस प्रवास. म्हणजे १५७ तास, म्हणजे सात दिवस वाचले. होस्टेलवर आम्हाला हे गणित फारच आवडलं होतं. पुढे कधीतरी मी ते करून पाहिलं: साडेसहा दिवसांच्या थोडं वर भरतं. गड्यानं वरच्या पूर्णांकावर नेलं. तेवढी सूट सेल्सवाल्या माणसाला देऊ या. पण वाचवलेल्या त्या सात दिवसांचं तो काय करतो, हे ना तो सांगतो, ना ती तरुण मुलगी विचारते, ना आम्ही चौघांनी विचारलं.

आता मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. क्लायंटकडे जाऊन प्रणाली बसवून द्यायची, लोकांना शिकवायची, दोन-तीन दिवसांत परत यायचं, असं काम. वर्षाला वीसेक खेपा होतात. त्यामुळे कमीत कमी सामानात कसं जावं यावरचे व्हिडिओ मी भरपूर पाहिले आहेत, मराठी, हिंदी, इंग्रजी. हा लेख त्या व्हिडिओंविरुद्ध नाही. त्यांच्यामुळे माझा फायदाच झालाय. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, आणि तीन दिवसांचा संसार, लॅपटॉप धरून, मी सहा किलो चारशे ग्रॅममध्ये बसवू शकतो. जड बूट पायात, जाड जर्किन अंगात, चार्जर एकच, पँटी दोन आणि शर्ट तीन, सगळे एकमेकांवर जातील अशा रंगांचे. याचा मला अभिमान आहे. होता म्हणू हवं तर.

माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा प्रकार, म्हणजे चित्रपटातला तो प्रसंग, ते व्हिडिओ, 'एका बॅगेत जग' छापाचे लेख, याला मी आता एक साहित्यप्रकारच मानतो. त्याला नायक आहे, खलनायक आहे (काउंटरवर दिलेली बॅग, जी कधीतरी हरवते), ठरलेला कळसाध्याय आहे (चेन लागणे). आणि प्रत्येक साहित्यप्रकारात असतो तसा एक आंधळा कोपराही आहे. या सगळ्या कथा चेन लागली की संपतात. माणूस परत येतो, हे यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नसावं.

इंजिनिअरिंगच्या पोरांना यातली गोम लगेच कळेल. अल्गोरिदमच्या तासाला आपण 'नॅपसॅक' शिकलो. एक पिशवी, तिची क्षमता ठरलेली. समोर वस्तू, प्रत्येकीला वजन आणि मूल्य. पिशवी फाटू न देता जास्तीत जास्त मूल्य भरा. रिचर्ड कार्पनं १९७२ साली ज्या २१ प्रश्नांची यादी दिली, त्यात हाही आहे. अवघड म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण त्याचं गृहीतक फार सोपं आहे: पिशवी एकदाच भरायची आणि वस्तूंचं मूल्य आधीच ठरलेलं. वाटेत कोणी काही देणार नाही. मालवाहतुकीतल्या माणसाला हे गृहीतक ऐकवलं तर तो हसेल. आमच्या दारव्ह्यातला कोणताही ट्रकवाला जाताना आधी विचारतो, रिटर्न भाडं आहे का? रिकामी गाडी परत आणणं हा त्या धंद्यातला खरा तोटा. कॉर्पोरेट प्रवासात मात्र रिकामं परत येणं हीच हुशारी.

व्हिडिओवाले जे तंत्र नवं म्हणून विकतात त्यातलं बरंचसं आपल्याकडे जुनंच आहे, हे ओघात सांगून टाकतो. कपडे घडी न करता गुंडाळायचे, त्याला ते लष्करी नाव देतात. आपण त्याला वळकटी म्हणायचो, फक्त तिच्यात अंथरूण असायचं. खांद्याच्या पुढे-मागे दोन कप्पे टाकून तोल राखणारी पडशी होती. बोचकं, गाठोडं, शिदोरी, कावड. मराठीत सामानाला जितके शब्द आहेत तितके रिकाम्या हातांना नाहीत. 'हात हलवत येणे' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे आणि तो कौतुकाचा नाही.

या साहित्यप्रकारातली सर्वांत प्रसिद्ध यादी जोन डिडियनची. अमेरिकन लेखिका, वार्ताहर म्हणून सतत बाहेरगावी जाणारी. हॉलिवूडच्या घरात कपाटाच्या दाराला आतून तिनं ही यादी चिकटवली होती. दोन स्कर्ट, मोजके कपडे, सिगारेट, बर्बन, टंकलेखन यंत्र, वह्या, शेवटी घराची किल्ली. १९७९ च्या 'द व्हाइट अल्बम'मध्ये ती आहे. आज ती यादी फॅशनच्या पानांवर फिरते, त्यातले कपडे जमवून मुली फोटो टाकतात. गंमत अशी की मूळ लेख नीटनेटकेपणाचा नाहीच. तो एका बाईचं मन ढासळत असण्याचा लेख आहे. डिडियन स्वतःच पुढे सांगते की त्या यादीत एक महत्त्वाची वस्तू नव्हती, घड्याळ. खोलीत एकटी असताना वेळ किती झाली हे विचारायला तिला फोन करावे लागत. म्हणजे जिनं आदर्श यादी लिहिली तिनंच त्या यादीचं परीक्षणही केलं आणि तिला नापास केलं. पुढच्यांनी परीक्षण गाळलं, यादी ठेवली. मला मात्र त्या यादीतली किल्ली आवडते. वापरायची नाही, तरी सोबत न्यायची अशी ती एकच वस्तू. परत येणार आहे, एवढंच ती सांगते.

आता जरा आमच्या जिल्ह्यात येऊ या. कारण कामासाठी प्रवास आणि त्यासाठी माल बांधणं या दोन्ही गोष्टींत यवतमाळकडे शतकांचा अनुभव आहे, फक्त त्यावर व्हिडिओ निघालेले नाहीत.

दारव्हा, दिग्रस, पुसद हा पट्टा बंजारा तांड्यांचा. माझ्या वर्गात अर्धी मुलं राठोड, चव्हाण, जाधव, पवार अशी तांड्यांवरून येणारी होती. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. पण या समाजाचा मूळ धंदा लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलखामुलखांत नेण्याचा, हे मला कॉलेज संपल्यावर, कुठेतरी वाचून कळलं. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तरेत प्रवास करत असताना त्याला एक तांडा भेटला. त्यानं नोंदवलं: धान्य लादलेले १४,००० बैल. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएनंही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलंय, आणि अशा ताफ्यासमोर सापडलात तर दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते अशी कुरकुरही. बिझनेस ट्रॅव्हल म्हणायचं तर हे. बायका, मुलं, भांडी, अंथरुणं, कुत्री, सगळं सोबत. घर मागे ठेवून जायचं नाहीच, त्यामुळे किल्लीही नाही.

आणि त्यांचं माल बांधण्याचं शास्त्र दोन तत्त्वांवर उभं होतं. एक, बैलाच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन. एका बाजूची गोणी हलकी झाली की बैल जखमी होतो. दुसरं, जाताना धान्य तर येताना मीठ. रिकामा बैल चालवणं म्हणजे चाऱ्याची नासाडी. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडातला कापूसही असाच बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. पाऊस लागला की कापूस पाणी प्यायचा आणि बैल चिखलात बसायचा. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, आणि लदेणी संपत गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर फिरत्या माणसांकडे संशयानंच पाहायला सरकारला शिकवलं. रायन बिंगहॅमला फिरतीबद्दल विमान कंपनी सोनेरी-काळी कार्डं देते. यांना हजेरी देण्याची सक्ती मिळाली. फिरतं राहणं कोणाला शोभतं, हेही सामानाइतकंच कोणीतरी बाहेरून ठरवतं.

मग कापसासाठी आमच्याकडे शकुंतला आली. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज गाडी, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या मालकीच्या मार्गावरची. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं. माझ्या आठवणीतली शकुंतला डिझेलवरची, आणि ती आली की आम्ही पोरं सायकलवरून तिच्याशी शर्यत लावायचो. जिंकायचो. पण तिच्या काळात तिनं एक गोष्ट शिकवली असणार: कापूस गाडीत भरायचा तर आधी दाबावा लागतो. मोकळा कापूस म्हणजे हवा. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई उरते, प्रेसमध्ये ती दाबून पट्ट्या आवळून गाठ बांधतात. आज एका गाठीचं प्रमाण वजन १७० किलो. मी ऑनलाइन मागवलेल्या, चेन ओढली की कपडे चपटे करणाऱ्या पिशव्या पाहून बाबा म्हणाले होते, "हे त् प्रेसिंग झालं."

आणि इथूनच मला माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय वरची सगळी टीका फुकटची आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं मला कामासाठी माझ्याच जिल्ह्यात पाठवलं. पांढरकवड्याच्या बाजूला एक जिनिंग-प्रेसिंग आहे, नाव सांगत नाही. कापसाच्या गाड्या आल्या की वजनकाट्यावर भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी, पावती, आणि शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद. हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरनं आपोआप व्हायचं होतं. पुण्याहून नागपूर विमानानं, तिथून गाडीनं. तीन दिवस. बॅग सहा किलो दोनशे ग्रॅम, तोवरचा माझा विक्रम. दारव्ह्याला घरी जाणं वेळापत्रकात बसत नव्हतं. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जवसाची चटनी त् बसवर पाठवतो ना, कोनाच्या हातानं." मी म्हटलं, आई, नको, बॅगेत जागा नाही. "एवढुशा बॅगेत मावते तरी काय रे मंग?" ती म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर मी आकड्यांत देऊ शकलो असतो, दिलं नाही.

काट्याच्या केबिनमध्ये एक काका होते. वीस-बावीस वर्षं काटापावती हातानं लिहिणारे. अक्षर असं की प्रत्येक सात हा सातच वाटावा. माझं काम त्यांच्याकडून सगळं समजून घेणं हे होतं, आणि त्यांनी ते मनापासून सांगितलं. ओला कापूस कसा ओळखायचा, कोणता ट्रॅक्टरवाला रिकामी गाडी मोजताना गुपचूप खाली उतरतो, कोणता नांगराचा फाळ ट्रॉलीत विसरल्यासारखं करतो. हे सगळं मी लॅपटॉपवर टिपून घेतलं आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींचे नियम बनवून टाकले. सॉफ्टवेअर चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी मला चहा पाजताना सहज सांगितलं की पुढच्या हंगामापासून काट्यावर एक पोरगा बसवला तरी भागेल. काकांना हे माहीत होतं का, मला कळलं नाही. चहा मी संपवला.

निघताना काका प्लास्टिकची मोठी पांढरी पिशवी घेऊन आले. ताजी रुई, पहिल्या वेचणीची. मी दारव्ह्याचा आहे हे कळल्यापासून ते मला साहेब म्हणणं सोडून बाबू म्हणायला लागले होते. "पुन्याले चांगली उशी नाई भेटत बाबू. ते सिंथेटिक राह्यते सारं. ह्याची उशी शिवून घे."

वजन असेल दीड किलो. आकार माझ्या बॅगेहून मोठा. मी म्हणालो, काका, बॅगेत जागा नाही हो. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग मागच्या प्रेसकडे हात केला आणि हसले. "अरे, रुई कितीही दबते. दाबून त् पाय."

मी दाबून पाहिलं नाही. पुढच्या खेपेला नक्की नेतो म्हणालो. विमान साडेआठला होतं, सामान काउंटरवर देणं मला परवडणारं नव्हतं, पस्तीस मिनिटं. गाडीत बसल्यावर मागे वळून पाहिलं तर ते पिशवीचं तोंड बांधत होते.

त्या रात्री पुण्यात, दीड वाजता, मी 'अप इन द एअर' पुन्हा लावला. होस्टेलनंतर पहिल्यांदाच. कशासाठी ते आता नीट सांगता येणार नाही. आणि दहा वर्षांपूर्वी पाहिलेला चित्रपट हा नव्हताच.

नॅटली ही तरुण सहकारी मोठी बॅग घेऊन विमानतळावर येते. रायन तिला नवी छोटी बॅग घ्यायला लावतो आणि जुनीतलं सामान बाहेर काढून टाकतो. टाकलेल्या वस्तूंत उशी असते. होस्टेलवर आम्ही इथे हसलो होतो, उशी कोण नेतं! आता मात्र मी तिथे थांबवून बसलो. नॅटली कोण आहे? माणसांना समोर बसून काढण्याऐवजी व्हिडिओ कॉलवरून काढता येईल अशी पद्धत तिनं बसवली आहे. म्हणजे तिच्या यशानंतर रायनचाही प्रवास संपणार. तिच्यात मला स्वतःला ओळखायला वेळ लागला नाही. फक्त तिनं उशी आणली होती, मी नाकारली होती.

राइटमननं एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. काढल्या जाणाऱ्या माणसांच्या भूमिकांत त्यानं बरेच खरेखुरे लोक घेतले, मंदीत नुकतीच नोकरी गेलेले, सेंट लुईस आणि डेट्रॉइटकडचे. कॅमेऱ्यासमोर ते आपापलं बोलतात. त्या चेहऱ्यांच्या आणि रायनच्या चकचकीत बॅगेच्या मधे चित्रपट कुठेही भाष्य करत नाही. एकामागून एक दाखवतो, बस्स. बॅग हलकी का आहे, हे त्या चेहऱ्यांकडे पाहून कळतं. प्रत्येक ठिकाणाहून काहीही घेऊन निघायचं नसेल तरच असं काम जमतं. हलकेपणा ही इथे सवय नाही, कामाची अट आहे.

दुसरी गोष्ट मी होस्टेलवर विनोद म्हणून सोडून दिली होती. रायनच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिला आणि नवऱ्याला हनिमूनला जाणं परवडत नाही, म्हणून त्या दोघांचं पुठ्ठ्यावर चिकटवून कापलेलं चित्र नातेवाइकांना पाठवलेलं असतं. जिथे जाल तिथे त्याच्यासोबत फोटो काढा. रायनकडे ते येतं आणि त्याच्या त्या आदर्श बॅगेत ते बसत नाही. डोकी बाहेर राहतात. तो ते वैतागत ओढत नेतो. एकदा ते पाण्यात पडतं आणि काढायला जाऊन हाही पडतो. अख्ख्या चित्रपटात त्यानं दुसऱ्यासाठी नेलेली ही एकच वस्तू, आणि मावत नाही तीही एकच. शेवटी तो फोटो घेऊन लग्नाला पोचतो, तर तिथला नकाशा इतरांनी आणलेल्या फोटोंनी आधीच भरून गेलेला. आपला फोटो लावायला त्याला जागा शोधावी लागते. त्याच्या ३५ मिनिटांच्या भाषणापेक्षा हा प्रसंग मला कितीतरी मोठा वाटतो. तरी इंटरनेटवर या चित्रपटातलं काय फिरतं? बॅग भरण्याची क्लिप. डिडियनच्या यादीचं झालं तेच.

इथे कोणी म्हणेल, ही सगळी ओझ्याची भलामण झाली. आक्षेप खरा आहे. ओझं गोड वाटतं ते वाहणारा दुसरा असतो तेव्हा. माझ्या आईनं आयुष्यात एकदाही एकटीनं, फक्त स्वतःच्या कपड्यांची बॅग घेऊन प्रवास केलेला नाही. तिच्या पिशव्यांत आमचे कपडे, बाबांच्या गोळ्या, मावशीकडच्यांसाठी तूर डाळ. एखादी मुलगी सात किलोची बॅग घेऊन एकटी निघते तेव्हा तिच्यासाठी तो हलकेपणा मिळवलेला असतो, आणि मी त्यावर बोट ठेवणारा कोण. एसटीत सीटखाली बॅग ढकलताना तिथे आधीच कोणाची तरी मेथीची जुडी असते, तेव्हा मीही माझ्या छोट्या बॅगेला दुवा देतो. धामणगावच्या स्टेशनावर रात्री दोन मिनिटं थांबणारी गाडी पकडताना तर जास्तच. हलकं जाण्याबद्दल माझं भांडण नाही. जाताना आणि येताना वजन सारखंच भरलं पाहिजे, या हट्टाबद्दल आहे.

मराठीत कामासाठी केलेल्या प्रवासाचं एक मोठं पुस्तक आहे, आणि त्याचा शेवट नेमका याच्याशी संबंधित आहे, म्हणून सांगतो. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. आपण ते सत्तावन्नच्या बंडाचं पुस्तक म्हणून वाचतो, पण वरसईचे गोडसे भटजी निघाले होते ते दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती. सरळ कामाची खेप. वाटेत बंड पेटलं, झाशीच्या पाडावात ते अडकले, कमावलेलं लुटलं गेलं. हिशेबानं पाहिलं तर खेप पूर्ण तोट्याची. पण येताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली, पायी, खांद्यावर. कावड म्हणजे तरी काय, दोन बाजूंना सारखं वजन आणि मधे माणूस, लदेणीच्या बैलासारखाच. पैसा गेला होता, म्हणून खांदा मोकळा होता असं म्हणायचं की काय. पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून. दरबार, तोफा, राणी, एवढं सगळं सांगून झाल्यावर हा माणूस आपल्या खांद्यावरच्या पाण्याची काळजी तितक्याच गांभीर्यानं सांगतो. पॅकिंगवर मराठीत यापेक्षा चांगलं लिहिलं गेलेलं मला तरी माहीत नाही, आणि त्यात काय नेलं याची यादी नाही.

आमच्याकडे शेजारच्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर तरी टाकतात. लहानपणी मला हे काम असायचं, आणि डब्यात काय टाकू हा प्रश्न घेऊन आई दोन मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहायची. मला ती दोन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटायची.

जानेवारी २०२५ मध्ये सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीसाठी मी त्याच जिनिंगवर पुन्हा गेलो. या वेळी बॅगेत तळाला एक रिकामी कापडी पिशवी घडी करून ठेवली होती, शंभर ग्रॅमसुद्धा नसेल. परतीचं तिकीट पंधरा किलो सामानासकट काढलं होतं. काट्याच्या केबिनमध्ये एक पोरगा होता, हुशार, स्क्रीनवर झरझर बोटं चालवणारा. काकांचं विचारलं तर म्हणाला, ते मागच्या हंगामातच गेले. गेले म्हणजे काम सोडून, मुलाकडे, चंद्रपूरला. नंबर त्याच्याकडे नव्हता. जुन्या पावत्यांची पुस्तकं कपाटात होती, ती मी थोडा वेळ चाळली. सगळे सात सातच होते.

निघताना मी त्या पोराला विचारलं, थोडी रुई मिळेल का, उशीपुरती. तो म्हणाला, मिळेल ना सर, पण गेटपास करावा लागेल, सिस्टीममध्ये त्याचा कोडच नाही. ती सिस्टीम मीच बनवली होती. अर्धा तास बसून तो कोड टाकला.